सोबत्याची कामं आधीच करून ठेवा: राजगड ते रायगड, एकट्यानं

मोहरी गावातल्या एका ओसरीवर मी सॅक उतरवली, तेव्हा घरातल्या आजी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्या मागे पाहिलं. मागून आणखी कुणी येतंय का, ते. कुणी येत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "एकलीच व्हय? आन् पोरी, मधीच पाय मुरगाळला आस्ता, तर सांगाया कोन आलं आस्तं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन होता, पण तोरण्याची बुधला माची सोडल्यापासून त्याला रेंज नव्हती. घरी 'रविवारपर्यंत येते' एवढंच सांगून निघाले होते. त्या दिवशी माझा पाय खरोखर मुरगाळला असता, तर मी कुठल्या धारेवर बसले आहे हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

डोंगरात एकट्यानं चार-पाच दिवस चालायची ज्यांना ओढ आहे, त्यांनी तयारीची सुरुवात आजींच्या या प्रश्नापासून करावी. सॅक कुठली, बूट कुठले हे नंतर. दोघं चालत असतात तेव्हा दुसरा माणूस नकळत कितीतरी कामं करत असतो. तुम्ही लंगडताय हे त्याला आधी दिसतं. चुकीच्या वाटेला लागलात तर तो थांबवतो. 'आता पुरे, मागे फिरू' हे तो म्हणतो. भांडं त्याच्या सॅकमध्ये असतं, दोरी तुमच्या. आणि तुम्ही पडलात तर गावात धावत जातो तोच. एकट्यानं जायचं म्हणजे ही सगळी कामं घरून निघण्याआधी कुणाला तरी, किंवा कशाला तरी, वाटून द्यायची. हा लेख त्या वाटणीबद्दल आहे, आणि उदाहरण म्हणून मी मला सर्वांत नीट माहीत असलेली वाट घेते: राजगड, तोरणा आणि मग घाट उतरून रायगड.

आधी एक अट. जी वाट एकट्यानं चालायची, ती आधी एकदा जाणत्या माणसांबरोबर चाललेली असावी. सह्याद्रीत ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथल्या वाटांना सलग पाट्या नाहीत. दगडावर रंगवलेले बाण असतात, पण ते कधी कुणी कुठल्या वाटेसाठी काढले ते कळत नाही. पावसाळ्यानंतर छातीएवढं गवत वाढतं आणि मळलेली वाटही दिसेनाशी होते. पहिल्यांदा गटाबरोबर जाल तेव्हा मागे मागे चालू नका. वही ठेवा. कुठल्या खिंडीत डावीकडे वळलो, पाणी कुठे लागलं, कुठल्या झापावर माणसं भेटली, हे लिहून घ्या. त्यानंतर एक रात्र एखाद्या जवळच्या, वर्दळीच्या गडावर एकट्यानं काढून पाहा. रात्री एकटं असण्याची भीती काहींना अजिबात वाटत नाही, काहींना इतकी वाटते की झोपच लागत नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे पहिल्या रात्री कळलेलं बरं, तिसऱ्या रात्री नको.

पायांची तयारी दोन महिने आधी सुरू करा. पुणेकरांना सिंहगड आहे. आतकरवाडीतून आठवड्यातून एकदा, पाठीवर आठ किलो वजन घेऊन चढायचं आणि, हे विसरू नका, उतरायचंही. गुडघे उतारावर कुरकुरतात. मुंबईत इमारतीचे जिने चालतील. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या की वजन झालं.

आता दिवसांचं गणित. गटानं जाणारे ही वाट बहुधा तीन दिवसांत करतात. एकट्यानं मी चार दिवस धरते आणि पाचवा राखून ठेवते. पहिल्या दिवशी गुंजवण्यातून चोरदरवाज्यानं राजगड. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या आळू दरवाज्यातून बाहेर पडून धारेनं तोरणा. तिसऱ्या दिवशी बुधला माचीवरून पश्चिमेची सोंड उतरून हारपुडमार्गे मोहरी. चौथ्या दिवशी सिंगापूर गावाच्या नाळेनं, म्हणजे कड्यातून उतरणाऱ्या घळीनं, कोकणात दापोली गाव आणि तिथून काळ नदीच्या खोऱ्यातून रायगडाचा पायथा. पाचवा दिवस गडासाठी, किंवा आधी काही बिनसलं तर त्यासाठी. हा राखीव दिवस असला की घाई होत नाही, आणि मी पाहिलेल्या बहुतेक चुका घाईतूनच झाल्या आहेत.

राजगड आणि रायगड या दोन्ही किल्ल्यांचा २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मुक्कामाचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात फोन करून गडावर रात्री राहू देतात का ते विचारा. राहू देत नसतील तर हट्ट धरू नका. पहिला मुक्काम गुंजवण्यात करा. पहाटे राजगड चढा, दुपारी राजगड-तोरण्याच्या मधल्या खिंडीतून गाडीरस्त्यानं वेल्ह्याला जाऊन तिथं झोपा, आणि तोरणा दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूनं चढा. वाट मोडत नाही, एक दिवस तेवढा वाढतो.

तासांचा अंदाज बांधताना पुष्कळजण फसतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशोब सांगितला होता. तासाला पाच किलोमीटर धरा, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास मिळवा. म्हणजे बारा किलोमीटर अंतर आणि आठशे मीटर चढ असेल तर पावणेचार तास. राजगड ते तोरणा साधारण एवढंच आहे, आणि सॅकसकट चालणाऱ्याला तिथं सहा ते आठ तास लागतात. ऊन, घसारा, कारवीतून शोधावी लागणारी वाट आणि शेवटी बुधला माचीवर चढतानाचा कातळाचा टप्पा, हे सगळं नेस्मिथच्या हिशोबात नाही. मी त्याच्या उत्तराची दुप्पट करते. डिसेंबरच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. उजेडाचे तास अकरा. त्यातले शेवटचे दोन हिशोबात धरायचेच नाहीत. दुपारी चारपर्यंत मुक्कामाची जागा गाठली पाहिजे असा बेत करा, म्हणजे चुकलात तरी उजेड हाताशी उरतो.

आणि मागे फिरायची वेळ लिहून ठेवा. हे सोबत्याचं पहिलं काम. माझ्या वहीत दर दिवसाच्या पानावर एक ओळ लाल पेनानं लिहिलेली असते. 'दुपारी एकपर्यंत खिंडीपलीकडच्या धारेवर पोचले नाही, तर वेल्ह्याला उतरणे.' 'सकाळी नऊपर्यंत नाळेच्या तोंडाशी नाही, तर सिंगापुरात मुक्काम.' घरी, पंख्याखाली बसून, शांत डोक्यानं घेतलेला हा निर्णय असतो. धारेवर दमलेल्या डोक्याला 'अजून थोडंच तर राहिलंय' एवढंच सुचतं. एका वर्षी मी त्याच खिंडीत दीड वाजता पोचले. पायाला काही झालं नव्हतं, हवा सुंदर होती, तोरणा समोर दिसत होता. वहीतली ओळ वाचली आणि वेल्ह्याला उतरले. खूप वाईट वाटलं. पण तोरणा दुसऱ्या दिवशी सकाळी बिनी दरवाज्याच्या वाटेनं चढून गेले, आणि उजेडात गेले.

त्यासाठी प्रत्येक दिवसाला निसटायची एक वाट हवी. राजगडावरून गुंजवणे किंवा पाली दरवाज्याची सोपी वाट. मधल्या खिंडीत गाडीरस्ता. तोरण्यावरून वेल्हे. मोहरी-सिंगापूरच्या पठारावर आल्यावर पासलीमार्गे वेल्ह्याकडे जाणारा रस्ता. नाळ उतरायला लागलात की मात्र निसटायची वाट राहत नाही, तिथं पुढे जाणं किंवा आल्या वाटेनं वर चढणं एवढंच. म्हणून नाळेचा दिवस सर्वांत विचारानं ठरवायचा.

इथं एक सांगितलंच पाहिजे. घाटमाथ्यावरून या भागात उतरणारी सर्वांत गाजलेली वाट बोराट्याच्या नाळेची. लिंगाण्याचा सुळका अगदी समोर उभा राहतो, त्या दृश्यासाठी माणसं लांबून येतात. पण ती नाळ मोठमोठ्या दगडांनी भरलेली आहे, आणि लिंगाण्याच्या खिंडीकडे जाताना कड्याच्या पोटातून आडवी वाट आहे, तिथं खाली सरळ दरी आहे. गटानं जाणारे तिथं दोर लावतात. एकट्यानं दोर लावून उपयोग नसतो, कारण दुसऱ्या टोकाला धरायला कुणी नसतं. मला ती वाट फार आवडते. एकटी असताना मी तिकडे फिरकत नाही. सिंगापूरच्या नाळेनं गावकरी ये-जा करतात, तीच धरा. लिंगाणा पाहायचाच असेल तर मोहरीजवळच्या रायलिंग पठारावर सकाळी जाऊन यावं, सॅक गावात ठेवून.

वाट चुकण्याबद्दल आता सविस्तर, कारण एकट्या माणसाला सर्वांत जास्त भोवतं ते हेच. आपल्याकडे चकवा लागला म्हणतात. माणूस गोल गोल फिरून त्याच झाडाशी येतो. जंगलात खुणेला लांबचं काही दिसेनासं झालं की माणूस सरळ चालत राहू शकत नाही, त्याला कळतही नाही की तो वळतोय. त्याहून नेहमीचा घोटाळा ढोरवाटांचा. गुरं चरायला जातात त्या वाटा पायवाटेइतक्याच मळलेल्या असतात. फरक असा की ढोरवाटेवर कमरेच्या वरच्या फांद्या कुणी तोडलेल्या नसतात, तुम्हाला वाकून जावं लागतं. थोड्या वेळानं ती दोन-तीन फाटे फुटून गवतात विरते. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीला कोयत्यानं छाटलेल्या फांद्या दिसतात. सतत वाकावं लागायला लागलं की थांबा.

थांबून काय करायचं, तर शेवटच्या खात्रीच्या जागी परत जायचं. त्यासाठी ती जागा माहीत हवी. प्रत्येक फाट्यावर मी मागे वळून पाहते आणि मागच्या बाजूचा एक फोटो काढते, कारण परतताना वाट उलटी दिसते आणि ओळखूच येत नाही. पुढे गेल्यावर वीस मिनिटांत ओळखीची खूण आली नाही तर परत फिरायचं, हा माझा नियम. 'खाली गाव दिसतंय, सरळ उतरून टाकू' हा विचार मनात आला की जमिनीवर बसा आणि पाणी प्या. सह्याद्रीचे कडे वरून दिसत नाहीत. गवताचा उतार तीव्र होत जातो आणि मग एकदम संपतो. ओढ्याच्या पात्रानं उतरू पाहणारे तर हमखास कड्यावर येऊन अडकतात, वरही चढता येत नाही, खालीही जाता येत नाही.

फोनमध्ये वाटेची नोंद आणि नकाशा आधी उतरवून घ्या, फोन विमान-अवस्थेत ठेवा म्हणजे बॅटरी दोन-तीन दिवस टिकते, पॉवर बँक घ्या. तरीही कागद हवाच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळतात, त्यावर वीस मीटरच्या अंतरानं समोच्च रेषा असतात. कडा कुठे आहे ते त्या रेषांच्या दाटीवरून कळतं. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' हे पुस्तक घाटवाटांचा बेत आखताना अजूनही माझ्या टेबलावर असतं. परदेशात राहणाऱ्या, सुट्टीत येऊन डोंगरात जाणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक सूचना. तिकडे सहज वापरलं जाणारं उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र किंवा उपग्रह फोन इकडे आणू नका. भारतात परवानगीशिवाय तो वापरणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर माणसं अडकली आहेत.

मग मदत कोण बोलावणार? हे सोबत्याचं सर्वांत मोठं काम, आणि माझं उत्तर दोन पदरी आहे.

पहिला पदर घरचा. एका माणसाला, दोघातिघांना नव्हे, एकालाच जबाबदार ठेवा. त्याच्या हातात एक कागद द्या. त्यावर रोजची वाट, मुक्कामाचं गाव, तिथल्या घराचा फोन, निसटायच्या वाटा, सॅकचा आणि शर्टाचा रंग, रक्तगट, कुठलं औषध चालत नाही ते. आणि खाली ठळक अक्षरात, कधीपर्यंत वाट पाहायची आणि मग कुणाला फोन करायचा. मी 'रविवारपर्यंत येते' म्हणाले होते, त्याची शिक्षा घरच्यांना झाली. मी रविवारी रात्री मोहरीत सुखरूप भाकरी खात होते. घरी आई रात्रभर दारात बसली, भाऊ पहाटे गाडी काढून वेल्ह्याला पोचला, आणि मी सोमवारी भलतीकडून, महाडहून, एसटीनं परतले. 'रविवारपर्यंत' म्हणजे रविवारी दुपार की रात्र, आणि नाही आले तर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. आता कागदावर असतं, 'मंगळवारी रात्री नऊपर्यंत फोन नाही आला तर आधी मोहरीत विचारणे, मग सिंगापूर, मग दापोली. कुठेच पोचली नसेल तर ११२ आणि बचाव केंद्र.' आपल्याकडे गिर्यारोहकांनी मिळून चालवलेलं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्याचा मदत क्रमांक ७६२०२३०२३१. निघण्याआधी तो चालू आहे ना हे तपासून कागदावर लिहा.

दुसरा पदर गावांचा, आणि तो मला आजींनी शिकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना त्यांनी नातवाला सांगून सिंगापुरातल्या पाहुण्यांना फोन करवला होता. एक पोरगी येतेय, नऊपर्यंत दिसली नाही तर बघा. तेव्हापासून मी हे प्रत्येक ठिकाणी स्वतःहून करते. मुक्कामाच्या घरी सांगायचं, उद्या कुठल्या वाटेनं कुठे, किती वाजेपर्यंत. पुढच्या गावातल्या त्यांच्या ओळखीच्या घराचा नंबर घ्यायचा, आपला द्यायचा, आणि पोचल्यावर मागच्या घरी कळवायचं. पोलीस पाटलांना भेटून सांगितलं तर आणखी बरं. बायकांना विशेष सांगते. मी देवळात एकटी झोपण्यापेक्षा माणसांच्या घरात झोपणं पसंत करते. घरातल्या बाईशी आधी बोलावं, तिच्या परवानगीनं राहावं. जेवणाचे, राहण्याचे पैसे न विचारता, बऱ्यापैकी आणि रोख द्यावेत. सुट्ट्या नोटा घेऊन जा, तिथं रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

गळ्यात शिट्टी असू द्या, सॅकच्या कप्प्यात नको. डोंगरात संकटाची एक ठरलेली खूण आहे, मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबणं, पुन्हा सहा. रात्री टॉर्चचेही सहा झोत. ऐकणारा तीननं उत्तर देतो. पण आपल्या गुराख्यांना हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून वाटेत भेटेल त्याला मी गप्पांच्या ओघात सांगूनच ठेवते.

ओझ्याचं म्हणाल तर पाण्यासकट दहा-अकरा किलोच्या वर जाऊ नये. गटात स्टोव्ह एकाकडे, भांडी दुसऱ्याकडे असतात. इथं सगळं तुमच्या पाठीवर. म्हणून मी स्टोव्ह नेतच नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या पहिले दोन दिवस, मग सातूचं पीठ आणि गूळ, शेंगदाणे, खजूर, आणि रात्री गावात गरम पिठलं-भाकरी. यात आणखी एक फायदा आहे. थंडी सरल्यावर वाळलेल्या गवताला ठिणगी पुरते, आणि एकट्या माणसाला वणवा विझवता येत नाही. झोपायला पातळ स्लीपिंग बॅग आणि मॅट, एक लोकरी टोपी. डिसेंबर-जानेवारीत गडावर पहाटेचा वारा बोचतो. हेडटॉर्च आणि त्याचे जादा सेल. अंगातल्या कपड्यांशिवाय एकच जोड. बूट जुना, पायाला सरावलेला, खोल खाचांच्या तळाचा. नवा बूट या वाटेवर कदापि नको.

पाण्यात मात्र काटकसर करू नका. राजगडावर आणि तोरण्यावर टाकी आहेत, पण दोन्हींच्या मधल्या धारेवर पाण्याचा भरवसा नाही. आळू दरवाजा सोडताना साडेतीन लिटर पाठीवर हवंच. टाक्याचं पाणी क्लोरीनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबून प्या. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ही वाट एकट्यानं करू नये असं मी म्हणते ते याचसाठी. पावसाळ्यात नाळेतून पाणी आणि दगड दोन्ही येतात, तेव्हा तिकडे जायचंच नाही. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा पहिला, एवढाच काळ धरा.

तुमचा चेहरा पाहून 'तुला ऊन लागलंय' म्हणणारं कुणी नसतं. म्हणून दर तासाला पाच मिनिटं बसायचं आणि स्वतःला विचारायचं. डोकं दुखतंय का? शेवटची लघवी कधी झाली, रंग गडद होता का? घाम यायचा थांबलाय का? चिडचिड होतेय का? दोन प्रश्नांची उत्तरं वाईट आली की सावलीत पाऊण तास, जलसंजीवनी आणि काहीतरी खाणं. टाचेला जरा चुरचुरलं की तिथल्या तिथे बूट काढून पट्टी लावायची. 'मुक्कामी पोचल्यावर बघू' म्हटलेला फोड तिसऱ्या दिवशी चालणं थांबवतो.

दोन धोके वेगळे सांगते. कड्यांना लटकलेली आग्या मोहोळं राजगडाच्या परिसरातही आहेत. अत्तर, डिओ लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका. माश्या उठल्याच तर सॅक टाकून, चेहरा आणि डोकं ओढणीनं किंवा चादरीनं झाकून तिथून लांब पळा, पण पायाखाली बघत. माश्यांपासून पळताना दरीत पडण्याचा धोका असतो.

दुसरा धोका सापांचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप लक्षात ठेवा. फुरसं लहानसं, दगडाखाली, वाळल्या पाल्यात बसणारं, अंग घासून करवतीसारखा आवाज करणारं. दिसत नाही तिथं हात घालायचा नाही, चढताना कपारीत तर मुळीच नाही. अंधारात टॉर्चशिवाय दोन पावलंही टाकायची नाहीत. चावलाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात-पाय काठी लावून सैलसर पट्टीनं स्थिर करा आणि १०८ ला फोन करा. चालू नये असा सल्ला असतो आणि तो बरोबर आहे. पण फोन लागत नाही, शिट्ट्यांना उत्तर येत नाही, अशा वेळी सॅक सोडून, वारंवार बसत, अगदी सावकाश, माहीत असलेल्या सर्वांत जवळच्या वस्तीकडे निघावं. गावठी औषधाच्या नादात तास घालवू नका, सर्पविषावरची लस रुग्णालयातच मिळते.

रात्रीबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. दिवसभर चालताना एकटेपणाचा आनंद असतो, आपल्याच पावलांचा आवाज, धारेवरचा वारा, मागे वळलं की राजगडाचा बालेकिल्ला लांब जात चाललेला. अंधार पडला की मन वेगळं बोलू लागतं. पालापाचोळ्यात उंदीर धावला तरी बिबट्या वाटतो. मी अंधार पडण्याआधी सगळी कामं उरकते. पाणी भरून ठेवते, उद्याची सॅक लावते, वहीत दिवस लिहिते, उद्याची लाल ओळ मोठ्यानं वाचते. शिट्टी आणि टॉर्च उशाशी. तरीही दुसऱ्या रात्री भीती वाढत गेली, झोप अजिबात नाही, सकाळी हात थरथरतायत असं झालं, तर ते पाय मुरगाळण्याइतकंच खरं कारण आहे. जवळच्या निसटत्या वाटेनं उतरा आणि घरी जा.

चौथ्या दिवशी नाळ उतरताना घाई करू नका. पाच-सहाशे मीटरची ती उतराई आहे, आणि चार दिवसांच्या ओझ्यानंतर गुडघे आपले राहिलेले नसतात. काठी खालच्या पायरीवर आधी टेकवायची, मग पाय. दापोलीत पोचल्यावर उजेड किती उरलाय ते पाहा. रायगडाच्या पायथ्याला पोचायला अंधार होणार असेल तर दापोलीतच राहा. राखीव दिवस त्यासाठीच आहे. चित्दरवाज्यानं चढताना चौदाशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्या ताज्या पायांनी सकाळी चढाव्यात. रोपवे हिरकणीवाडीतून आहे, पाय खरोखर बोलत असतील तर त्यानं जायलाही हरकत नाही.

गड पाहून पाचाडला उतरलात, की चहा सांगण्याआधी दोन फोन करायचे. पहिला, कागद ज्याच्याकडे आहे त्याला. दुसरा मोहरीला. मागच्या खेपेला मी लावला तेव्हा नातवानं उचलला आणि तिकडून आजींचा आवाज आला, "पोचली का ती? बरं, मग त्या सिंगापूरवाल्यांनाबी कळीव, ते बसलं आस्तील वाट बघत."